पावसाळ्यात बागेतले दिवे लागले की ईएलसीबी पडते: बिघाड शोधायचा कसा

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की आठ-पंधरा दिवसांत ही तक्रार सुरू होते. संध्याकाळी डे-नाइट सेन्सर फाटकापासून पडवीपर्यंतचे दिवे लावतो आणि खटकन सगळं घर अंधारात जातं. ईएलसीबी (विजेची गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच) वर करावी तर पुन्हा खाली. बागेचा स्विच बंद ठेवला की ती मुकाट्याने उभी राहते. मध्ये दोन दिवस ऊन पडलं की दिवे व्यवस्थित लागतात, त्यामुळे कोणाला फोन करायचं राहून जातं. मग एक जोराची सर येते आणि पहिले पाढे पंचावन्न.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांची कामं बघतो, त्यामुळे इथली उदाहरणं कोकणातली असतील. लोणावळा, महाबळेश्वर किंवा गोव्यातल्या बंगल्यांचं दुखणंही हेच असतं. देशावरच्या काळ्या मातीत एक वेगळी भानगड होते, ती पुढे येईल.

एक सल्ला मात्र आधीच बाजूला काढतो: ‘पावसाळ्यात बागेतले दिवे लावूच नका.’ चिऱ्याच्या पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) शेवाळ धरतं ते याच चार महिन्यांत, साप पायवाटेवर येतात ते याच दिवसांत, आणि गणपतीला मुंबईची माणसं रात्री-अपरात्री फाटकात उतरतात तीही तेव्हाच. ज्या भागात फुरसं पायाखाली येऊ शकतं, तिथे पायवाटेवरचा दिवा काही नुसता शोभेचा नसतो.

ईएलसीबी काय सांगते

घरोघरी आपण जिला ईएलसीबी म्हणतो, तिच्यावर बहुतेक आरसीसीबी असं छापलेलं असतं. तिचं काम साधं आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत बघते. फरक पडला तर तो करंट वाटेत कुठेतरी जमिनीत, भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून जातोय असं धरून ती सर्किट तोडते. घरातली असते ३० मिलीअँपिअरची. मानकानुसार ती १५ ते ३० मिलीअँपिअरच्या मध्ये कुठेही पडू शकते आणि प्रत्यक्षात बऱ्याचशा २०-२५ च्या आसपास पडतात.

आता २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर वाहायला किती रेझिस्टन्स लागतो? भागाकार केला तर साडेसात हजार ओहमच्या थोडं वर. ओल्या मातीत मुरलेला टेपचा जॉइंट तिथवर सहज पोचतो. पण एकच जॉइंट इतका बिघडलेला असतो असं नाही, आणि हा बिघाड वर्षानुवर्षं हाती लागत नाही त्याचं कारण नेमकं हेच आहे. समजा तीन जॉइंट प्रत्येकी २० हजार ओहमवर आलेत. प्रत्येकातून साडेअकरा मिलीअँपिअर जातील. त्यातला कुठलाही एक जोडून बघितला तर ईएलसीबी हलणारसुद्धा नाही. तिन्ही एकत्र आले की ३४ होतात आणि ती पडते.

त्यात एलईडीच्या ड्रायव्हरची (दिव्याला हवा तसा करंट देणाऱ्या सर्किटची) भर. त्याच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमधून थोडा करंट कायमच अर्थमध्ये जात असतो. फिटिंग नवं असलं तरी जातो, आणि त्यात दोष काही नसतो. एका दिव्यापुरता तो किरकोळ, पण दिवे वीस-पंचवीस असले की बेरजेत जाणवतो.

म्हणून ‘सगळे दिवे एकेक करून लावून बघितले, सगळे चांगले आहेत’ हे वाक्य ऐकलं की मी बिघाडाच्या जवळ पोचलो असं समजतो.

दापोलीकडच्या एका घरात फाटकापासून अंगणापर्यंत चौदा बोलार्ड (वाटेकडेचे ठेंगणे खांबाचे दिवे) होते. ईएलसीबी दोनदा बदलून झालेली. आधीच्या वायरमनने फाटकाजवळचा एक कुजलेला जॉइंट शोधून नवा केला होता, आणि तो बिचारा चुकला नव्हता. त्यानंतर दहा-बारा दिवस दिवे चालले. मग पाऊस वाढला आणि पुन्हा तेच. मालकीणबाई म्हणाल्या, “भाऊ, त्याने काही केलंच नाही बघा.” केलं होतं त्याने, पण तिथे गळक्या जागा तीन होत्या. एक बुजवल्यावर बेरीज ट्रिपच्या जरा खाली आली आणि उरलेल्या दोन आणखी भिजल्यावर परत वर गेली. पहिला दोष सापडला की काम संपलं असं धरलं जातं, तिथेच हा बिघाड पुढच्या सरीसाठी शिल्लक राहतो.

कधी पडते ते आधी लिहून काढा

वायरमनला बोलवण्याआधी घरच्या माणसाने एवढं करावं, त्यासाठी कशालाही हात लावायची गरज नसते. ईएलसीबी नेमकी कोणत्या क्षणी पडते यावरून निम्मा दोष कळतो.

दिवे लागताक्षणी पडते, फक्त पावसात: गळती फेजच्या बाजूला आणि स्विच किंवा सेन्सरच्या पुढे. सगळ्यात जास्त घरांत हेच असतं.

बागेची एमसीबी (जादा करंट किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) बंद आहे, दिवे लागलेलेच नाहीत, तरी गिझर, इस्त्री किंवा पंप सुरू केला की पडते: हा प्रकार लोकांना भुताटकीसारखा वाटतो आणि बिचारा गिझर खोलला जातो. आपल्याकडे एमसीबी सहसा एका पोलची असते, ती फक्त फेज तोडते. बागेचा न्यूट्रल मात्र डीबीतल्या (एमसीबी बसवलेल्या पेटीतल्या) न्यूट्रलच्या पट्टीला जोडलेलाच राहतो. तो बागेत कुठेतरी अर्थला किंवा केबलच्या आर्मरला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) टेकला असेल, तर घरात मोठा लोड आला की परतीच्या करंटचा एक वाटा न्यूट्रल सोडून मातीतून निघतो. ईएलसीबीला फरक दिसतो आणि ती पडते. खात्री करायला वायरमनने मेन बंद करून बागेचा न्यूट्रल पट्टीतून काढायचा, त्याचं टोक झाकायचं आणि मग गिझर लावून बघायचा. पडली नाही तर गिझर निर्दोष.

पाऊस नाही, काम नवं आहे, आणि दिवे लावले की पहिल्या दिवसापासून पडते: यात पाण्याचा संबंध नाही. कोणीतरी फेज घरातून आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून पंपाच्या खोलीतून घेतलाय. जो न्यूट्रल त्याच ईएलसीबीतून परत येत नाही, त्याच्यावर ती पडणारच.

दिवे लागल्यावर तास-दीड तासाने पडते: बहुधा एखाद्या फिटिंगच्या आत पाणी आहे. आतली हवा तापते, वाफ धरते आणि ती ड्रायव्हरवर जमते.

विजा चमकताना पडली आणि वर केल्यावर राहिली: वळवाच्या किंवा परतीच्या पावसातला सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी. वारंवार होत असेल तर डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवा, बाग खोदू नका.

आणि ईएलसीबी जागेवर राहून बागेची एमसीबीच पडत असेल तर तो फेज-न्यूट्रलचा शॉर्ट आहे. तो एका ठिकाणी असतो आणि शोधायलाही सोपा.

गळती शोधणं

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. ओल्या जमिनीवर उभं राहून २३० व्होल्टची पेटी उघडायची असते, आणि पायातली रबरी चप्पल हे संरक्षण नव्हे. मेन बंद, टेस्टरने खात्री, आणि बंद केलेल्या मेनवर घरातलं कोणी येता-जाता हात टाकणार नाही याची सोय. आधी एवढं, मग बाकीचं.

हत्यार लागतं ते मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर, ५०० व्होल्टचा. मल्टिमीटरवर ओहम बघून ‘केबल ओके’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मल्टिमीटर आतल्या सेलच्या काही व्होल्टवर मोजतो. इतक्या कमी दाबाला ओला जॉइंट अनेकदा निष्पाप दिसतो, ५०० व्होल्टला तोच उघडा पडतो. मेगर लावण्याआधी बागेची लाइन डीबीतून पूर्ण सोडवायची, म्हणजे फेजही आणि न्यूट्रलही. सर्ज प्रोटेक्टर असेल तर तो काढायचा, नाहीतर तोच कमी आकडा दाखवेल आणि तुम्ही केबलला दोष देत बसाल. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळून त्यांच्यात आणि अर्थमध्ये मोजायचं. दोन्ही एकत्र ठेवले की ड्रायव्हरवर सरळ ५०० व्होल्ट येत नाहीत. एक मेगओहम किंवा त्याहून जास्त आलं तर लाइन ठीक. आकडा किलोओहममध्ये आला तर पाणी आहे.

शोधताना पाखाडीच्या वरच्या टोकापासून एकेक दिवा खोलत खाली येऊ नका. मधली पेटी उघडा, लाइन तिथे तोडा, दोन्ही भाग वेगळे मोजा. वाईट निघेल तो भाग पुन्हा मधोमध. सोळा दिव्यांच्या लाइनीत असं चारदा तोडलं की एका दिव्यापर्यंत पोचता येतं. पण वर सांगितलेली बेरीज डोक्यात ठेवायची. दोन्ही भाग वाईट निघाले तर दोन्हीकडे शोधायचं, आणि एक दोष सापडला म्हणून थांबायचं नाही. प्रत्येक तुकड्याचा आकडा कागदावर टिपा. त्या दापोलीच्या घरात फाटकाचा जॉइंट नवा केल्यावरही मधला तुकडा २५ किलोओहम आणि अंगणाकडचा ४० दाखवत होता. म्हणजे साधारण ९ आणि ६, मिळून १५ मिलीअँपिअर, आणि चौदा ड्रायव्हरची गळती त्यावर. तिथून पुढे जमीन आणखी भिजायचाच काय तो अवकाश होता.

मोजणी पावसात किंवा सर थांबल्यावर लगेच करायची. लख्ख उन्हाच्या दिवशी बोलावलेला वायरमन ‘काही नाही’ म्हणून परत जातो आणि तो खोटं बोलत नसतो. मे महिन्यातच तपासणी करायची असेल तर लाइन मेनपासून सोडवून ठेवा, प्रत्येक फिटिंगच्या बुंध्याशी झारीने भरपूर पाणी घाला, अर्धा तास मुरू द्या आणि मग मेगर लावा.

लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर कोणाकडे असेल तर सोन्याहून पिवळं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या जबड्यात एकत्र धरले की जो करंट परत आला नाही तेवढाच तो दाखवतो. नेहमीचा क्लॅम्प मीटर यासाठी चालत नाही, इतके बारीक मिलीअँपिअर त्याच्या नजरेत येत नाहीत.

पाणी शिरतं कुठून

ग्राहक दाखवतात दिव्याची काच. दोष निघतो जॉइंटमध्ये, दहातल्या आठ वेळा तरी.

बाजारातून तुम्ही आयपी ६५ किंवा आयपी ६७ चं फिटिंग आणता. ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसेल. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. हे आकडे फिटिंगचे. त्याच्या बुडातून हातभर वायर बाहेर आलेली असते. ती खालच्या केबलला पिळून जोडतात, वर पीव्हीसी टेपचे चार वेढे देतात आणि माती लोटतात. त्या जागेला कुठलंच आयपी नाही. टेपचा डिंक पहिल्याच पावसाळ्यात सुटतो आणि टेप नुसती गुंडाळी होऊन राहते.

पुढची गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिवा संध्याकाळी तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. पहाटे किंवा अचानक सर आली की तो गार होतो आणि आत ओढ तयार होते. फिटिंगची काच आणि गॅस्केट उत्तम असेल तर ती ओढ जाणार कुठे? वायरीच्या आवरणाच्या आतून, तांब्याच्या तारांच्या मधल्या फटींतून, थेट त्या ओल्या जॉइंटपर्यंत. म्हणजे दिवा जॉइंटमधलं पाणी घोट घोट वर ओढतो. गॅस्केट शाबूत आणि तरी काचेच्या आत पाणी दिसलं, तर काचेला सिलिकॉन फासू नका, खालचा जॉइंट उकरा. चांगल्या फिटिंगला यासाठीच हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा छोटा ब्रीदर असतो. रंगकाम करताना तोच रंगाने बुजवला जातो.

दुसरी जागा ग्लँड, म्हणजे केबल पेटीत किंवा दिव्यात शिरते तिथलं आवळायचं बूच. कोकणात आणि देशावरही बागेच्या लाइनीला बोअरच्या पंपाची उरलेली चपटी केबल टाकण्याची फार हौस. केबल चांगली असते, पाण्यातलीच ती. पण ग्लँडचं भोक गोल आणि केबल चपटी. ग्लँड कितीही आवळा, दोन्ही बाजूंना फट राहते. त्यावर टेप गुंडाळून जाडी वाढवणं म्हणजे फटीला पडदा लावणं. चपटी केबल वापरायचीच असेल तर तिच्यासाठीचं चपट्या भोकाचं रबर मिळवा, नाहीतर गोल केबल घ्या.

तिसरी, पाइप. जमिनीखालच्या पीव्हीसी पाइपमध्ये पाणी असतंच, सांधे सोल्युशनने कितीही चिकटवले तरी दमट हवेचं पाणी आत होतं. ते वाईट नाही. वाईट हे की त्या पाइपमधून घरातल्या भिंतीसाठीच्या साध्या एकेरी वायरी नेलेल्या असतात आणि मध्येच त्यांना जॉइंट असतो. चार महिने पाण्यात पडून राहायला त्या वायरी केलेल्या नाहीत. पाइप वापरा, पण आत आवरणाची केबल घाला, आणि पाइपला उतार देऊन सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निघायला वाट ठेवा.

जमिनीत पुरलेले, खालून माडावर किंवा आंब्यावर प्रकाश टाकणारे दिवे हा वेगळाच त्रास. जांभ्या मातीत पाणी पटकन खाली जातं असं आपण मानतो, पण कातळावर हातभर माती असेल तर तो खड्डा तळं होतो. दिव्याखाली फूटभर खडी हवी आणि तिथलं पाणी निघून जायला जागा. ती नसेल तर असले दिवे लावूच नयेत असं माझं मत आहे. भिंतीवरून किंवा खांबावरून टाकलेला प्रकाश झाडावर तितकाच चांगला दिसतो.

काळ्या मातीची भानगड ही: उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि दर वर्षी केबलला ओढते. ताणून टाकलेल्या केबलचा जॉइंट तीन-चार वर्षांत सुटलेला असतो. नगर-सोलापूरकडे प्रत्येक दिव्यापाशी केबलचा एक सैल वेढा ठेवायलाच हवा.

बाकी घूस, कुदळ आणि ग्रासकटर. घूस प्लॅस्टिकचं आवरण कुरतडते, वाळवीही सोडत नाही. माडाला आळं करताना, खत घालताना कुदळ बसते ती वीतभर खोल टाकलेल्या केबलवर. किनाऱ्याजवळ खारी हवा स्टीलचे स्क्रू आणि कास्ट ॲल्युमिनियम खाते, मग झाकण नीट बसत नाही. तिथे पॉलीकार्बोनेट किंवा पितळेचं फिटिंग जास्त टिकतं.

जे करू नये

ईएलसीबी बायपास करून ‘डायरेक्ट’ देणं. चार महिन्यांपुरतं म्हणून केलेलं हे काम मी वर्षानुवर्षं तसंच पाहिलंय. दिवे लागतात, कारण गळती सांगणारंच कोणी उरत नाही. गळती तशीच असते, ओल्या मातीत, जिथून मुलं अनवाणी जातात.

३० ऐवजी १०० मिलीअँपिअरची बसवणं. ती फार तर आगीपासून संरक्षणासाठी. माणसासाठी ३० चीच हवी.

आणि सगळ्यात घातक, दिव्याची अर्थ वायर कापणं. हे खरंच करतात, कारण त्याने ट्रिप होणं थांबतं. फिटिंगच्या धातूच्या अंगावर आलेल्या करंटला जायला वाट उरत नाही, म्हणून ईएलसीबी शांत राहते. तो खांब मात्र जिवंत होऊन उभा असतो, आणि वाट तयार होते ती कोणीतरी त्याला हात लावल्यावर. ईएलसीबीवरचं टेस्ट बटण दाबून ती पडली म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असंही समजू नका. ते बटण फक्त तिची स्वतःची यंत्रणा तपासते, अर्थ वायर तुटलेली असली तरी पडते.

सिलिकॉनबद्दल एक. हार्डवेअरच्या दुकानातली स्वस्त नळी, जिला व्हिनेगरसारखा वास येतो, ती तांब्याच्या जोडावर भरू नका. त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली मागा. दिव्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचा उपाय तर करूच नका. आतली वाफ आतच राहते.

कायमचं काम

पहिलं, बागेला स्वतंत्र ईएलसीबी द्या, घरच्या ईएलसीबीच्या आधी मेनवरून फाटा काढून, दोन पोलची, ३० मिलीअँपिअरची. दोष त्याने जात नाही, पण बाग भिजली म्हणून फ्रिज आणि पंखे बंद पडत नाहीत. बाग बंद करताना तिचा न्यूट्रलही तुटतो, म्हणजे गिझरवाली भुताटकी संपली. खर्चाच्या मानाने एवढा उपयोगी बदल दुसरा नाही.

दुसरं, जमिनीखाली एकही जॉइंट ठेवायचा नाही. केबल प्रत्येक दिव्यात आत न्यायची आणि तिथूनच पुढच्या दिव्याकडे काढायची, किंवा गडग्याला (दगडी कुंपणाला), चिऱ्याच्या छोट्या खांबाला, जमिनीपासून फूट-दीड फूट वर पेटी बसवून जोड तिथे करायचा. केबल पेटीत खालूनच शिरली पाहिजे. वरून किंवा बाजूने आणायची वेळ आलीच तर आधी तिला खाली झोका द्या, म्हणजे ओघळ तिथून टपकून जातो. बाग सुंदर दिसावी म्हणून पेट्या लपवण्याचा मालकांचा आग्रह असतो. झाडाआड लपवा, मातीत नको.

जॉइंट खाली करावाच लागला तर रेझिन ओतून करायचा किट किंवा जेल भरलेला कनेक्टर वापरा. आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी त्याखालोखाल. साधी हीट-श्रिंक, आत डिंक नसलेली, टेपपेक्षा थोडीच बरी.

केबल आर्मर्ड, आणि खोली पाऊण मीटर. कातळात ते कोणी खोदत नाही हे मलाही माहीत आहे. तिथे गडग्याच्या कडेने, जीआय पाइपातून, जमिनीवरून उघड नेलेली केबल ही वीतभर खोल पुरलेल्या केबलपेक्षा कधीही चांगली: दिसते, कुदळीपासून वाचते आणि तपासता येते. मातीत टाकली तर खाली-वर वाळू आणि वर विटांची ओळ. आर्मर दोन्ही टोकांना अर्थला जोडलेला हवा.

नवीनच काम करत असाल तर २३० व्होल्ट बागेत नेऊच नका. ट्रान्सफॉर्मर किंवा एसएमपीएस (कमी व्होल्टचा डीसी देणारा पॉवर सप्लाय) पडवीत, कोरड्यात ठेवा आणि बाहेर २४ व्होल्ट काढा. तो मुख्य लाइनीपासून पूर्ण विलग असणारा पाहिजे. पायवाटेला तीन ते पाच वॉटचे दिवे पुष्कळ होतात.

१२ की २४? हिशेब करून बघा. पाच वॉटचे दहा दिवे, तीस मीटर लांबी, दीड चौरस मिमी तांब्याची वायर. १२ व्होल्टला करंट ४.२ अँपिअर. जाऊन-येऊन साठ मीटर वायरीचा रेझिस्टन्स सुमारे ०.७३ ओहम. दिवे लाइनभर सारखे पसरलेले धरले तर शेवटच्या दिव्यापर्यंत दीड-पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात आणि त्याला जेमतेम १०.३ मिळतात. फाटकाचा दिवा मिणमिणतो आणि दोष दिव्याला दिला जातो. त्याच वायरीवर २४ व्होल्टला करंट निम्मा, घट पाऊण व्होल्टच्या थोडी वर, म्हणजे साडेतीन टक्के. ती डोळ्याला कळतही नाही.

पण २४ व्होल्ट केलं म्हणून टेपचा जॉइंट माफ होत नाही. डीसी लाइनीत ओल्या जोडावर प्लसच्या बाजूचं तांबं विरघळतं, हिरवी पूड धरते आणि वर्षा-दोन वर्षांत तार तुटते. फरक इतकाच की घरातली ईएलसीबी पडत नाही आणि कोणाला शॉक बसत नाही. एक दिवस पुढचे सगळे दिवे एकदम जातात. जोडाची काळजी तीच घ्यायची.

सोलरचे खुंटीवाले दिवे आषाढ-श्रावणात काही खरे नाहीत. दिवसभर आभाळ, वर झाडांची सावली, आणि रात्री नऊला विझतात. दिवाळीनंतर छान चालतात.

आत्ता भर पावसात काय करायचं

खोदकाम आता होणार नाही, चर लगेच भरतो. म्हणून लाइनीचे तुकडे मेगरने मोजून जे किलोओहममध्ये आहेत ते दोन्ही टोकांना फेज-न्यूट्रलसकट सोडवायचे आणि त्यांची टोकं वरच्या पेटीत कोरडी झाकून ठेवायची. अर्थ वायर तोडायची नाही. उरलेले चांगले दिवे चालू द्या. पाखाडीच्या वळणावर अंधार राहत असेल तर पडवीच्या खांबावरून किंवा गडग्यावरून एक फ्लडलाइट त्या बाजूला टाका, वायर वरून नेऊन.

खोदून जॉइंट वर काढायचं काम दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्या, माती तेव्हा मऊ असते. मे महिन्यावर ढकलाल तर जांभ्याच्या जमिनीत पहार चालत नाही, आणि वायरमनही लग्नाच्या मांडवांत अडकलेले असतात. काम झाल्यावर प्रत्येक तुकड्याचा मेगरचा आकडा तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आत लिहून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा मोजल्यावर कोणता जोड उतरणीला लागलाय ते तो पडण्याआधीच दिसतं, आणि येणारा वायरमन वेगळा असला तरी त्याला पहिल्यापासून शोधावं लागत नाही.